पेटीतला पाइप

१

"राग आला की गेज खाली ठेव. रागावलेला हात खोटं माप देतो."

मामांनी हे सांगितलं तेव्हा बाई शाळकरी होत्या. मामांच्या हत्यारखोलीत स्टुलावर बसून मायक्रोमीटर फिरवायला शिकत होत्या. पुढे त्या तंत्रशाळेत मोजमाप शिकवायला लागल्या, निवृत्तही झाल्या. गावातल्या निम्म्या वर्कशॉपांत आजही त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. मामांचं ते वाक्य त्यांना जन्मभर पुरलं होतं. त्या दिवशी मात्र शर्यत मंडळाच्या कचेरीत ते कसंबसं पुरलं.

कारण बाईंच्या हातात गेज नव्हतंच. पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा होता.

घडलं ते असं. सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायच्या, जी आधी पोचेल ती जिंकली, अशी ही शर्यत. तिच्यात 'मूळ वर्ग' म्हणून एक वर्ग असतो. त्यात इंजिनाच्या पोटातलं सगळं कारखान्यातून आलं तसंच हवं. त्यातही कॅमशाफ्ट. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला पोलादी दांडा. तो फिरतो आणि उंचवटे झडपा उचलतात. झडप जास्त उचलली की इंजिनाला हवा जास्त, ताकद जास्त. म्हणून झडप किती उचलली जावी याचा प्रत्येक इंजिनासाठी मंडळाने मंजूर केलेला आकडा असतो. आकडा मंजूर नसेल तर गाडी वर्गात बसतच नाही.

या वर्गात उतरू पाहणाऱ्या एका मुलीच्या, धाकटीच्या, गाडीचं इंजिन जुनं. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे मंजूर आकडा नव्हता. ती हटली नाही. कुठल्याशा बंद दुकानाच्या गोदामातून तिने कारखान्याच्या वेष्टनातला कोरा कॅमशाफ्ट शोधून काढला. तिच्या भावाने, दादाने, त्याची हुबेहूब प्रत घासून काढली. मूळ दांडा तिने नमुना म्हणून मंडळाला दिला. मंडळाने तो मोजला आणि आकडा मंजूर केला. प्रतीचा दांडा इंजिनात घालून धाकटी शर्यतीत उतरली आणि जिंकली. शर्यत झाल्यावर नियमाप्रमाणे इंजिन उघडलं, तर झडप मंजूर आकड्यापेक्षा जास्त उचलली जात होती.

फसवणूक! विजेतेपद गेलं, पाच वर्षांची बंदी आली. धाकटीने अपील केलं: "नमुना पुन्हा मोजा, एवढंच म्हणणं आहे." अपील मंडळाबाहेरच्या माणसाने ऐकायचं असतं, म्हणून बाईंना बोलावलं.

लोखंडी कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली तांत्रिक समितीच्या अध्यक्षांकडे, दुसरी तपासनिसाकडे. दोघांनी आपापली कुलपं उघडली. आतली लांबट लाकडी पेटी टेबलावर आली. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. समोर अध्यक्ष नियमावलीत बोट घालून बसले होते. बाईंनी एक एक घडी उलगडली, आणि शेवटच्या घडीतून तो पाइप निघाला.

"अरे देवा," तपासनीस पुटपुटला.

"कलम अठरा," अध्यक्षांनी बोट होतं तिथेच पान उघडून वाचलं. "नमुना उपलब्ध नसल्यास मंजूर आकड्यात दुरुस्ती होणार नाही. अपील निकाली."

"नमुना तुमच्याच कपाटातून गेला," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या का कपाटातून जाईना. कलमात तसा भेद केलेला नाही."

या गृहस्थांना सगळे मागून 'कलमबहाद्दर' म्हणत. बाईंना आज त्याचं कारण कळलं. त्यांनी पाइप टेबलावर ठेवला, हळूच, मामांना स्मरून.

"मला आठवडाभर मुदत हवी. ती देणारं कलम आहे, मी वाचून आले आहे."

पाइप त्यांनी पिशवीत घातला. घालताना टोकावरून बोट फिरलं आणि त्या थबकल्या. कापलेली कड गुळगुळीत होती. बाहेरून कानस मारलेली, आतूनही. नुसती जागा भरायला ठेवलेल्या पाइपाला एवढ्या निगुतीने कानस मारणारा माणूस कोण?

बाईंना असे दोनच ठाऊक होते. दोघांनाही त्यांनीच शिकवलं होतं. एक इथला तपासनीस, आणि दुसरा धाकटीचा दादा.

२

दादाच्या वर्कशॉपच्या शटरवर कुणीतरी काळ्या रंगात लिहिलं होतं: चोर. पुसायचा प्रयत्न झालेला दिसत होता, त्याने अक्षरं उलट जास्तच पसरली होती.

"राहू द्या म्हटलं," धाकटी म्हणाली. "जाहिरात फुकट होतेय." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "बाई, गिऱ्हाइकं येतात, कॅमशाफ्ट घासून घेतात आणि जाताना म्हणतात, 'आम्हाला मात्र खरं माप दे हं.' आता काय बोलायचं अशा माणसाला?"

"काही बोलू नकोस. पैसे जास्त लाव," आतून दादा ओरडला.

बाईंनी थेटच विचारलं, "दादा, पेटीतला नमुना तू पळवलास का रे?"

यंत्र बंद झालं. दादा बाहेर आला. कपाळावर तेलाचा पट्टा, अंगठ्याला चिंधी. "मी? तो नमुना मोजला तर आमची सुटका आहे. मी कशाला पळवू?"

"नमुना आणि तुझी प्रत जुळत नसतील तर?"

"बाई!" धाकटी उसळली.

"थांब ग. मला विचारावंच लागतं."

दादाने राग गिळला. "विचारा. तुम्ही नाही तर कोण विचारणार."

बाई कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगाकडे गेल्या. पाइप, सळया, पट्ट्या, काय काय. एक उचलला, टोकाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. कड पात्यासारखी लागली होती.

"कानस कुठे गेली? हे शिकवलं होतं मी?"

दादाने चिंधीचा अंगठा पाठीमागे लपवला. "ढीगभर तुकडे कापतो, बाई. प्रत्येकाला कानस मारत बसलो तर खायचं काय? चिंध्या खायच्या?"

"अंगठ्याला लावायला तरी उरू देत."

रागावल्या खऱ्या, पण मनातून बाईंना हायसं वाटलं. दोघांतला एक गळला होता. उरला त्याचं नाव त्यांना घ्यावंसं वाटेना. वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा होता तो.

त्यांनी तपासणीचा अहवाल उघडला. झडप मंजूर आकड्यापेक्षा जास्त उचलली गेली होती, हवा आत घेणारी इनटेक झडपसुद्धा आणि धूर बाहेर टाकणारी एक्झॉस्टसुद्धा.

"एक सांग मला," बाई म्हणाल्या. "तुझ्या इंजिनाचं टॅपेट किती ठेवतेस?"

टॅपेट लावणं म्हणजे झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यात केसभर मोकळीक ठेवणं. लोखंड तापलं की वाढतं, त्याला वाढायला जागा लागते. एक्झॉस्ट जास्त तापते म्हणून तिची मोकळीक जास्त.

"इनटेकला तीस, एक्झॉस्टला चाळीस," धाकटी म्हणाली. मिलिमीटरचे शतांश ती रोजच्या बाजारहाटासारखे बोलत होती.

बाईंनी अहवालात पाहिलं. "हे नाही ग विचारलं. हे जास्तीचे आकडे झाले, अहवालातले. मी टॅपेट विचारतेय."

"टॅपेटच सांगतेय, बाई."

बाईंनी अहवाल पुन्हा वाचला. मंजूर आकड्यापेक्षा जास्त: इनटेकला तीस, एक्झॉस्टला चाळीस.

३

ज्याला धाकटीचं विजेतेपद देऊन टाकलं होतं तो गडी बोलायला लागला की काचा हादरत. त्याला सगळे 'तोफखाना' म्हणत, आणि तो ते कौतुकाने मिरवी. फायदा झाला तो त्याचाच, म्हणून संशयाचं पहिलं बोट त्याच्याकडेच वळायचं.

"या, बाई, या! चोराच्या घरी या!" गॅरेजच्या दारातच त्याने हात जोडले. "गाव तेच म्हणतंय. म्हणे पोरीला मीच अडकवलं. म्हणे नमुना मीच गिळला. अहो, कॅमशाफ्ट आहे की काकडी?"

"त्या कपाटापर्यंत तुमचा हात पोचतो का?"

"कपाट? त्या कचेरीत मला खुर्चीसुद्धा देत नाहीत. मोठ्याने बोलतो म्हणून." आवाज एकदम खाली आला. "खरं सांगू? मी हरलो होतो, बाई. डोळ्यांदेखत हरलो. ती माझ्यापुढे निघाली तेव्हा तिच्या इंजिनाचा आवाज ऐकला मी. तो लबाडीचा आवाज नव्हता. लबाडी केलेलं इंजिन थांबल्यावर नीट श्वास घेत नाही, धापा टाकतं. हिचं गाईसारखं शांत होतं."

"हे तुम्ही मंडळाला का नाही सांगितलं?"

तोफखान्याने मान फिरवली. "बक्षीस कुणाला नको असतं, बाई?"

एवढा प्रामाणिक निर्लज्जपणा बाईंनी फार दिवसांत ऐकला नव्हता. रागवावं की कौतुक करावं ते त्यांना समजेना. त्यांनी नजर वळवली. फडताळात बक्षिसं ओळीने मांडली होती: लाकडी बैठकीवर बसवलेले चकचकीत पिस्टन, दरवर्षीचा एक.

"हे सगळे पिस्टन?"

"मंडळाची रीत आहे. तपासनीस स्वतः बनवतो, त्याचा हात चांगला आहे. यंदा मात्र अध्यक्षसाहेबांना काय सुचलं कोण जाणे, पिस्टनऐवजी हा सोनेरी दंडुका दिलाय. फडताळात मावेना, म्हणून कोपऱ्यात उभा केला. बायको म्हणते त्यावर टोप्या टांगू."

बाईंनी कोपऱ्याकडे ओझरतं पाहिलं. सोन्याच्या रंगात न्हालेला कसलासा दांडा टोपी घालून उभा होता. भडकपणाची त्यांना पहिल्यापासून चीड. त्यांनी निरोप घेतला.

४

तपासनिसाची खोली त्याच्यासारखीच होती. हत्यारं आकाराप्रमाणे टांगलेली, टेबलावर कण नाही. बाईंना बघून तो उभा राहिला, वर्गात राहायचा तसा.

"बस. नमुना तूच मोजलास ना?"

"हो, बाई. आपल्या चाचणीच्या इंजिनात बसवून."

"बसवल्यावर टॅपेट लावलंस?"

"हे काय विचारणं झालं? टॅपेट न लावता इंजिनाचं झाकण बसवणारा मी नव्हे, बाई. तुम्हीच तर..." पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले.

मंडळाचा नियम साधा होता: मोजण्यापुरती मोकळीक शून्य करायची, म्हणजे दांड्याचा पूर्ण उंचवटा झडपेपर्यंत पोचतो. मोकळीक ठेवून मोजलं तर तेवढं उचलणं फुकट जातं आणि आकडा तेवढाच कमी येतो. इनटेकला तीस कमी, एक्झॉस्टला चाळीस कमी. शर्यतीनंतर बाहेरच्या पंचांनी धाकटीचं इंजिन नियमाप्रमाणे शून्य करून मोजलं आणि आकडा तेवढाच जास्त आला. मग लबाड ठरला दांडा! ज्याने मापात चूक केली त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. आणि ती चूक आळशी माणसाची नव्हतीच. टॅपेट ढिलं सोडायला ज्याचा हातच धजत नाही, अशा नेटक्या माणसाची होती.

"चूक कुणाच्याही हातून होते," बाई म्हणाल्या. "चूक झाली म्हणून मी तुला काही म्हणणार नाही. पण मला सांग, नमुना त्या पेटीत आडवा ठेवला होतास का? लांब दांडा वर्षभर आडवा पडला तर वाकतो."

"छे! आडवा कसा ठेवेन? उभाच ठेवलाय, बाई."

बोलला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ठेवला होता," त्याने दुरुस्त केलं. "म्हणजे, आधी. पेटीत जायच्या आधी."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. 'ठेवलाय.' मेलेल्या माणसाबद्दल कुणी 'बसलाय' म्हणत नाही. याच्या डोळ्यांपुढे तो दांडा आत्ताही उभा आहे, कुठेतरी, शाबूत. मोडायला सांगितलं असेल तरी मोडणारा हा मुलगा नव्हे. पाइपालासुद्धा कानस मारणारा माणूस कोरा कॅमशाफ्ट भंगारात कसा टाकेल? तो त्याला जागा शोधेल. उभी जागा, कोरडी, कुणी हात न लावणारी. आणि बक्षिसं कोण बनवतं? तपासनीस. दरवर्षी पिस्टन बनवतो, आणि यंदाच नेमका...

काखेत कळसा नि गावाला वळसा. बाई भराभर जिना उतरल्या.

५

"थिनर आहे?" बाईंनी दारातूनच विचारलं. "आणि स्वच्छ फडकं द्या. टोप्या काढा त्या."

तोफखाना इतका गोंधळला की आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "बाई, काय झालं?"

बाईंनी फडकं ओलं करून सोनेरी दांड्यावर फिरवलं. रंग साधा लाखेचा होता, हात लावताच सुटला. त्याखाली ग्रीसचा पातळ थर, आणि त्याखाली पोलाद. ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही. टोकाला कारखान्याचा शिक्का. धाकटीने अर्जासोबत दिलेल्या छायाचित्रात होता तोच.

तोफखाना बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि काचा हादरल्या.

"म्हणजे ज्या पोरीला चोर म्हणून हाकललं, तिचाच माल मला बक्षीस दिला? गळ्यात हार घालून? फोटो काढून? अहो, मी हा मिरवला, बाई! शेजाऱ्यांना दाखवला! तिच्या निर्दोषपणाचा पुरावा माझ्या कोपऱ्यात, आणि त्यावर माझ्या बायकोची टोपी!"

"ओरडू नका. दांडा वाकेल."

"काय?"

"गंमत केली. पण ओरडू नका." बाईंना मामांचं वाक्य आठवलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं, दांड्यापासून दोन पावलं मागे सरकल्या आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, वर उरलेल्या दाण्यांची परडी सजवून शेजाऱ्याला नजर केली होती. आणि ज्या पोरीचं शेत, तिच्या दारावर काळ्या रंगाने चोर लिहिलेलं.

"परवा सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "हा घेऊन याल?"

"पाठीवर घेऊन येतो!"

"पाठीवर नको. उभा धरून आणा."

६

सुनावणीच्या खोलीत तोफखाना दांडा उभा धरून शिरला तेव्हा तपासनिसाने डोळे मिटले. बाईंना ते भीतीचं लक्षण वाटलं नाही. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवल्यावर माणूस मिटतो तसे त्याने मिटले होते.

बाहेरच्या पंचांनी दांडा चाचणीच्या इंजिनात बसवला. मोकळीक शून्य केली. डायलची सुई फिरली. धाकटीच्या इंजिनाचे आले होते तेच आकडे आले, दोन्ही. मग बाईंनी टॅपेट लावून पुन्हा मोजायला सांगितलं. आता मंजूर झालेले आकडे आले, तेही दोन्ही.

"दांडा खरा, प्रत खरी, ही मुलगी खरी," बाई म्हणाल्या. "खोटं फक्त मंडळाचं माप."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "तपासनिसाच्या हातून चूक झाली असं दिसतं. आणि ती लपवायला त्याने नमुना हलवला, हे तर उघडच आहे. त्याच्यावर कारवाई होईल."

"कपाटाला दोन कुलपं आहेत."

"माझी किल्ली टेबलावर असते. मी चहाला गेलो असताना..."

"असेलही. मग दुसरं सांगा. त्या दिवशी मी फडक्याच्या घड्या उलगडत होते. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं, इथे बसलेल्या कुणालाच माहीत असायला नको होतं. तुमचं बोट मात्र आधीपासून नियमावलीत होतं. पाइप निघाला आणि तुम्ही बोट होतं तिथेच पान उघडलंत. कलम अठरा. नमुना नसल्यास. एवढ्या जाड पुस्तकात नमुना हरवल्याचं पान नमुना हरवलेला दिसण्याआधी कसं सापडलं?"

अध्यक्षांनी नियमावलीकडे पाहिलं. ती बोलेल असं त्यांना वाटलं असावं.

तपासनीस उठला. "मी सांगतो, बाई. अपील आलं त्या दिवशीच माझ्या लक्षात आलं. मी साहेबांना म्हटलं, चूक माझी आहे, आपण पुन्हा मोजू. साहेब म्हणाले, एक आकडा चुकला कबूल केलं की उद्या प्रत्येक आकड्यावर लोक बोट ठेवतील. किल्ली त्यांनीच काढून दिली. दांडा भंगारात टाक म्हणाले. माझ्याने टाकवेना. बक्षीस बनवायचं होतंच. त्यांना म्हटलं, सोनेरी केला की कुणी ओळखणार नाही. त्यांना कल्पना आवडली."

"मंडळाची अब्रू सांभाळणं हे माझं काम आहे," अध्यक्ष कडाडले. "मी एकही कलम मोडलं नाही!"

"नाही मोडलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली आला की सगळे पुढे वाकले. "तुम्ही माणूस मोडलात. कलमं सगळी धड आहेत. मंडळाची अब्रू जपायला तुम्ही एका पोरीची घेतलीत, आणि घेताना हातात पुस्तक धरलंत. देव पुस्तकातलं पान बघत नाही, साहेब. त्यात घातलेलं बोट बघतो."

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. "आपण असं करू. 'छपाईतील चुकीमुळे' अशी सूचना काढू. बंदी उठेल, आकडा दुरुस्त होईल. कुणाचंच नाव नको."

"छपाईवाल्याने काय घोडं मारलंय? पाच वर्षांची बंदी नाव घेऊन लावली होती, दुरुस्तीही नावं घेऊन होईल. कुणी मोजलं, कुणी लपवलं, आणि कुणी काहीही केलं नव्हतं. मी लिहिलाय तो निकाल असाच्या असा निघेल."

मग त्या तपासनिसाकडे वळल्या. तो रडत होता. "आणि तू. दांडा वाचवलास, हे मान्य. दांडा वाकू नये म्हणून उभा ठेवलास. ही वाकेल याचा विचार केलास का?"

बाईंना त्याचं फार वाईट वाटलं, पण शब्द त्यांनी परत घेतला नाही.

७

निकाल निघाला. अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. तपासनिसाचं काम सहा महिन्यांसाठी काढून घेतलं. तोफखान्याने बक्षिसाचा दांडा स्वतः नेऊन धाकटीच्या दारात ठेवला, आणि ती घरात नव्हती तरी दारासमोर दहा मिनिटं मोठमोठ्याने माफी मागितली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

शटर नव्याने रंगवलं होतं. बाई निकालाची प्रत द्यायला गेल्या तेव्हा धाकटी इंजिनावर वाकली होती. तिने हात पुसले, कागद वाचला, घडी करून खिशात घातला. चेहरा काही उजळला नाही.

"काय ग?"

"काही नाही, बाई. तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं." ती पान्ह्याशी चाळा करत राहिली. "पण काल एक गिऱ्हाईक म्हणालं, 'वा, सुटलीस! बाई ओळखीच्या होत्या ना?'"

दादाने आतून एक शिवी हासडली आणि बाई आहेत हे आठवून खोकला काढला.

एवढं सत्य उकरून काढायचं, आणि लोकांनी त्याला ओळखपाळख म्हणायचं! काळा रंग शटरवरून निघतो. माणसांच्या डोक्यावर मारायला थिनर कुठे मिळतं?

"मग काय करूया?" त्यांनी विचारलं.

धाकटीने मान वर केली. "पुढच्या शर्यतीत मी उतरणार. जिंको वा हरो, माझं इंजिन उघडायचं. तपासणीच्या तंबूत नाही. उघड्यावर, गर्दीच्या मधोमध. ज्याला बघायचंय त्याने डायलवर नाक टेकवून बघावं. आणि आकडा तुम्ही वाचायचा. मोठ्याने."

"मी? अग, तिथे गाड्यांच्या आवाजात माझा आवाज दोन पावलंसुद्धा जाणार नाही. वर्गात मागच्या बाकावरची मुलं तक्रार करायची. शिवाय मी जन्मात शर्यत बघितलेली नाही. तो गोंगाट मला सोसत नाही."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणी ओरडून सांगितलं तर लोक म्हणतील ओरडायला काय जातंय. तुम्ही ओरडलात तर ऐकतील."

"अग पण..."

"बाई. येणार ना?"

दादाने यंत्र बंद केलं होतं. तोही उत्तराची वाट बघत होता.

"येईन," बाई म्हणाल्या. "शब्द दिला."

शर्यतीच्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. अंघोळ, प्रार्थना, ठरलेला जप, काहीही वगळलं नाही. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, खिडकी लावली आणि रिकाम्या खोलीत उभं राहून पहिला आकडा मोठ्याने म्हणून पाहिला. आवाज फाटला. घोटभर पाणी पिऊन पुन्हा म्हटला. या वेळी मांडणीवरचं भांडं किणकिणलं.

दाराला कुलूप लावताना शेजारीण झाडू थांबवून म्हणाली, "अहो, आत कुणाला रागावत होतात एवढ्या सकाळी?"

"कुणाला नाही," बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "येते हं."

पिशवीत कापसाचे दोन बोळे होते. ते कानांत घालायचे की नाही हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागल्या.